पळणाऱ्या गाडीमागे पोलिसांनी कधी जावं?

पोलीस हात दाखवतात, दिवा लावतात, सायरन वाजवतात, आणि समोरचा चालक थांबायचं सोडून गाडी पिटाळतो. आता पोलिसाच्या हाती दोन-तीन सेकंद असतात. मागे लागायचं की जाऊ द्यायचं?

बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं. पळाला म्हणजे नक्की काहीतरी केलंय, तेव्हा सोडू नका. यामागची भावना रास्त आहे. कायदा मोडून पळणारा निसटला की कायदा पाळणाऱ्याला राग येणारच. पण या हिशेबात एक माणूस धरलेलाच नसतो. पुढच्या चौकात आपला सिग्नल हिरवा झाला म्हणून निघालेला, किंवा मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणारा. त्याने गुन्हा केलेला नाही, पाठलागाची त्याला खबर नाही, आणि त्याचा जीव पणाला लावताना त्याला कोणी विचारलेलंही नाही. पाठलाग कधी करावा या प्रश्नाचं उत्तर या तिसऱ्या माणसापासून शोधायला लागावं, असं मला ठामपणे वाटतं.

तो माणूस काल्पनिक नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने १९९६ ते २०१५ या वीस वर्षांची आकडेवारी मांडली. पोलीस पाठलागातल्या अपघातांत दरवर्षी सरासरी ३५५ माणसं मेली, म्हणजे जवळजवळ रोज एक. मृतांपैकी सुमारे ६५ टक्के पळणाऱ्या गाडीतले होते. साधारण २९ टक्के लोक काडीचाही संबंध नसलेल्या दुसऱ्या गाड्यांमधले होते, ४ टक्के गाडीबाहेरचे, आणि पोलीस जेमतेम १ टक्का. दर तीन मृतांमागे एक जण केवळ त्या वेळी त्या रस्त्यावर होता म्हणून गेला. पळणाऱ्या गाडीतल्या मृतांमध्येही सगळे चालक नसतात. शेजारी किंवा मागे बसलेली मित्रमंडळी असतात, कधी मुलंही असतात. स्टिअरिंग त्यांच्या हातात नव्हतं.

वेगाचं गणित

पाठलाग इतका जीवघेणा का ठरतो हे समजायला थोडं गणित पुरतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर अंतर कापते. समोर कोणी आलं, तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीडेक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५.

आता वेग दुप्पट करा, ताशी १२०. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ५० मीटर गेले. पुढचं अंतर मात्र दुप्पट होत नाही, चौपट होतं, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आणखी ८० मीटर. एकूण १३०. रस्ता ओला असेल किंवा टायर झिजलेले असतील तर याहून जास्त. वळणावर किंवा इमारतीच्या कोपऱ्यामागे १३० मीटरवरचं काही दिसतच नाही, त्यामुळे शहरातल्या रस्त्यावर या वेगाने जाणारा चालक कितीही तरबेज असला तरी तो नशिबाच्या भरवशावर चाललेला असतो. आणि इथे अशा गाड्या दोन असतात. पहिली गाडी सिग्नल तोडून गेली की आडव्या रस्त्यावरचा चालक सुटकेचा श्वास टाकून पुढे निघतो, आणि नेमकी तेव्हाच मागून पोलिसांची गाडी येते. सायरनचा भरवसा आपल्याला वाटतो तेवढा नसतो. काचा बंद असतील, आत गाणी चालू असतील, तर तो उशिरा ऐकू येतो. उंच इमारतींमध्ये तो कोणत्या बाजूने येतोय हेही कळत नाही.

यात भर पडते ती माणसाच्या शरीराची. पाठलागात रक्तातलं ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, नजर समोरच्या गाडीवर खिळते आणि कडेचं दिसेनासं होतं. गाडीचा वेग प्रत्यक्षाहून कमी वाटू लागतो. ‘आता काही झालं तरी सोडायचा नाही’ ही जिद्द चढते. हा त्या पोलिसाच्या चारित्र्याचा दोष नाही, तुमचं-माझंही तेच होईल. म्हणून चांगल्या पोलीस दलांत पाठलाग चालू ठेवायचा की थांबवायचा हे गाडीतल्या पोलिसावर एकट्यावर सोडत नाहीत. वायरलेसवर ऐकणारा एक वरिष्ठ अधिकारी असतो. तो गाडीत नसतो, त्याची छाती धडधडत नसते. वेग किती, रस्ता कसा, गर्दी किती, कारण काय, एवढं विचारून तो ‘थांबा’ म्हणू शकतो, आणि त्याने थांबा म्हटलं की थांबायचं. मला विचाराल तर सगळ्या नियमावलीतलं हे सर्वांत मोलाचं कलम आहे.

पळणारा का पळतो?

‘साधं चलान चुकवायला कोणी जीव धोक्यात घालेल का? डिकीत नक्की काहीतरी असणार.’ हा पाठलागाच्या बाजूचा सर्वांत जोरदार युक्तिवाद. कधीकधी तो खराही ठरतो. ज्याच्या डोक्यावर गंभीर गुन्हा आहे असा माणूस साध्या तपासणीलाही घाबरून पळतो.

पण अमेरिकेतले अभ्यासक जेफ्री अल्पर्ट यांनी नव्वदच्या दशकात एक सरळ मार्ग धरला. पाठलागात पकडले गेलेले शंभराहून अधिक लोक तुरुंगात होते, त्यांनाच जाऊन विचारलं. जास्त ऐकू आलेली कारणं अशी: गाडी चोरीची होती, लायसन्स रद्द झालं होतं, दारू प्यायलेली होती, किंवा नुसती अटकेची भीती. याच अभ्यासात ७० टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की पोलीस मागे नसते तर आम्ही वेग कमी केला असता. पकडल्या गेलेल्या माणसाने मागाहून सांगितलेली ही गोष्ट आहे, तेव्हा ती जपूनच घ्यावी. तरी तिच्यात तथ्य आहे. मागचे दिवे दिसेनासे झाले की भरधाव जाण्याचं कारण उरत नाही, आणि चोरीच्या गाडीत बसलेल्याला तर लोकांच्या नजरेत भरायचंच नसतं.

पोलिसाला त्या क्षणी डिकीतलं काही दिसत नसतं. त्याला ठाऊक असतं तेवढंच: सिग्नल तोडला, नंबर प्लेट नाही, गाडी चोरीला गेल्याची नोंद आहे, किंवा याच गाडीतून पाच मिनिटांपूर्वी गोळीबार झालाय. निर्णय या माहितीवरच व्हायला हवा. ‘असेलही काही मोठं’ एवढ्यावर पाठलाग करायचा म्हटलं, तर प्रत्येक पळणाऱ्यामागे धावावं लागेल, कारण असेलही काही मोठं हे प्रत्येकाबद्दल म्हणता येतं.

तराजूत काय टाकायचं?

पोलिसी कामावर संशोधन करणाऱ्या ‘पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम’ या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये तिथल्या न्याय खात्याच्या मदतीने एक मार्गदर्शिका काढली. तिची शिफारस थोडक्यात अशी की पाठलाग दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच करावा. एक, हिंसक गुन्हा घडलेला असावा. दोन, संशयित लगेच आणखी हिंसा करेल असा धोका असावा.

दुसरी अट वाचून अनेकजण चमकतात. खून करून पळणाऱ्याला सोडायचं? सोडायचं असं कोणी म्हटलेलं नाही. प्रश्न एवढाच की त्याला आत्ता, या रस्त्यावर, या वेगानेच पकडायला हवं का. तो कोण आहे हे माहीत असेल, घर माहीत असेल, हाती शस्त्र नसेल, तर पहाटे दारात जाऊन पकडणं सगळ्यांच्याच हिताचं. उलट गाडीत पळवून नेलेलं मूल असेल, किंवा तो माणूस पुढच्या ठिकाणी गोळ्या घालायला निघाला असेल, तर मागे न लागणं हाच मोठा धोका. तिथे पाठलाग करायलाच हवा, आणि तो करणाऱ्या पोलिसांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे.

खरी अडचण येते ती मधल्या प्रकरणांत, आणि त्यांतलं सर्वांत अवघड म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणारा. तो पोलीस येण्याआधीच रस्त्यावरच्या प्रत्येकाला धोका होता. त्याला जाऊ दिलं आणि पुढे त्याने कोणाला चिरडलं, तर त्या घरच्यांना काय सांगणार? दुसरीकडे, झिंगलेला माणूस ताशी ५० ने वेडावाकडा जात होता, तो मागे सायरन लागल्यावर ताशी ११० ने वेडावाकडा जाऊ लागतो. त्याचे हातपाय आधीच मंद, त्यात वेगाची भर. मला वाटतं इथे एकच ठाम नियम करता येत नाही. पहाटेचा मोकळा महामार्ग असेल, पुढे खिळ्यांची पट्टी टाकायला दुसरं पथक तयार असेल, तर अंतर राखून मागे राहणं समजू शकतं. शाळा सुटायच्या वेळी बाजारपेठेतून त्याच्या मागे धावणं मात्र मला कोणत्याच हिशेबात पटत नाही.

कायदा कुठे उभा आहे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या विषयात नेहमी निघतात. पहिला १९९८ चा, ‘काउंटी ऑफ सॅक्रॅमेंटो विरुद्ध लुईस’. घटना १९९० ची. मोटरसायकलवर दोन मुलं, वेग जास्त, पोलिसांनी थांबवलं तर पळाली. पाठलाग फक्त ७५ सेकंद चालला, वस्तीतून, दोनेक किलोमीटर. वेग ताशी १६० पर्यंत गेला. पोलिसांची गाडी कधीकधी अवघ्या ३० मीटरवर होती, आणि त्या वेगात तिला थांबायला जवळपास २०० मीटर लागले असते. मोटरसायकल कलंडली, पोलिसांची गाडी घसरत जाऊन मागे बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलावर आदळली, तो जागीच गेला. न्यायालयाने म्हटलं की इजा करण्याचा हेतू नसेल, तर अशा घाईच्या निर्णयासाठी पोलिसाला राज्यघटनेच्या भंगाबद्दल जबाबदार धरता येणार नाही.

दुसरा २००७ चा, ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’. जॉर्जिया राज्यात एकोणीस वर्षांचा मुलगा ताशी ८८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ११७ ने चालला होता. पोलिसांना पाहून पळाला. सुमारे सहा मिनिटांनी पोलिसाने मागून गाडीला धक्का दिला, गाडी रस्त्याबाहेर जाऊन आपटली आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने पोलिसाच्या बाजूने निकाल दिला. निरपराध लोकांचा जीव धोक्यात घालणारा पाठलाग संपवायला पोलीस असं पाऊल उचलू शकतात, मग पळणाऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका का असेना. न्यायमूर्ती स्कालिया यांचा मुद्दा असा होता की बेफाम पळालं की पोलीस थांबतात असा नियम केला तर पळणं म्हणजे सुटण्याची हमी होईल. एकट्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी वेगळं मत नोंदवलं. गाडीचा नंबर पोलिसांकडे होताच, मग मागेच का लागायचं, हा त्यांचा सवाल.

या खटल्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. न्यायालयाने पोलिसांच्या गाडीतलं चित्रीकरण जाहीर केलं; बघा, चित्रफीतच बोलते, अशी भूमिका घेतली. नंतर काही अभ्यासकांनी ती चित्रफीत सुमारे १३५० अमेरिकी लोकांना दाखवली. बहुसंख्यांना न्यायालयाचं पटलं, पण कोणाला काय दिसलं हे त्यांच्या वंशानुसार, उत्पन्नानुसार, राजकीय विचारांनुसार बरंच बदललं. चित्रीकरण एकच, आणि कोणाला त्यात जीवघेणा गुन्हेगार दिसला तर कोणाला एक घाबरलेला पोरगा. एवढ्या मतभेदाचा निर्णय दोन-तीन सेकंदांत एका माणसाने घ्यायचा असेल, तर नियम आधीच लिहून ठेवलेले बरे.

आणि ते लिहायला कायद्याची आडकाठी नाही. न्यायालय सांगतं ते एवढंच की याच्या खाली गेलात तर राज्यघटनेचा भंग. पोलीस दलाने स्वतःला याहून कडक नियम लावून घ्यावेत की नाही, हा त्या दलाचा आणि तिथल्या लोकांचा निर्णय असतो.

नियम बदलले की काय होतं?

पाठलागांची संख्या झपाट्याने बदलते, हे नक्की. फ्लोरिडातल्या मायामी परिसराच्या पोलिसांनी १९९२ मध्ये फक्त हिंसक गुन्ह्यांसाठीच पाठलाग असा नियम केला. वर्षाचे २७९ पाठलाग ५१ वर आले. नेब्रास्कातल्या ओमाहा शहराने १९९३ मध्ये नेमकं उलट केलं, नियम सैल केले. तिथे १७ चे १२२ झाले. गुन्हेगारांचा स्वभाव एका वर्षात एवढा बदलत नाही. कागदावरचं धोरण बदललं आणि रस्त्यावरचं वागणं बदललं.

आता दुसरी बाजू, आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. न्यूझीलंडने डिसेंबर २०२० मध्ये नियम कडक केले. गाडीतल्या लोकांकडून आधीपासूनच असलेला धोका पाठलागाच्या धोक्याहून मोठा असेल तरच मागे लागायचं, असं ठरलं. त्यानंतर पोलिसांना न जुमानता पळणाऱ्यांच्या घटना स्पष्टपणे वाढल्या. पोलीस मागे येत नाहीत ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. २०२३ मध्ये न्यूझीलंडला धोरण काहीसं सैल करावं लागलं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातही तेच. २०२१ मध्ये कायद्याने पाठलागावर बंधनं आली, २०२३ मध्ये ती थोडी ढिली झाली आणि २०२४ मध्ये आणखी. गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या याचं खापर तिथे कायद्यावर फुटलं. ते पूर्णपणे खरं मानता येत नाही, कारण त्याच काळात असा कायदा नसलेल्या राज्यांतही गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या होत्या. काही मॉडेलांत चोरी रोखणारं साधं उपकरण नसल्याचं समाजमाध्यमांवर पसरलं, हेही त्यामागचं एक कारण. पण कायद्याचा काहीच परिणाम झाला नाही असं म्हणणंही धाडसाचं ठरेल.

माझ्या मते चूक कुठे होते, तर पाठलाग थांबवून त्याच्या जागी दुसरं काहीच उभं केलं जात नाही. ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड राज्य इथे अभ्यासण्यासारखं आहे. तिथे पाठलागाचे नियम कडक आहेत, पण पोलिसांना चुकवून पळणं हा स्वतंत्र, जबर शिक्षेचा गुन्हा आहे, आणि गाडीच्या मालकाला त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे सांगावं लागतं. रस्त्यावर सुटलेला चालक दुसऱ्या दिवशी कागदोपत्री सापडतो. चोरीच्या गाडीला किंवा खोट्या नंबर प्लेटला हा उपाय लागू पडत नाही, तेवढी उणीव आहेच.

साधनंही बरीच आली आहेत. खिळ्यांची पट्टी टायरमधली हवा हळूहळू काढते, त्यामुळे गाडी एकदम उलटत नाही. मात्र ती टाकणारा पोलीस रस्त्याकडेला उभा असतो, आणि त्याचाच जीव जाण्याच्या घटना घडलेल्या आहेत. हेलिकॉप्टरला वरून गाडी दिसत राहते, म्हणून खालची पोलिसांची वाहनं मागे राहू शकतात. पोलिसांच्या गाडीच्या पुढच्या भागातून चिकटणारं जीपीएसचं यंत्र पुढच्या गाडीवर मारायचं आणि नकाशावर तिचा माग काढायचा, हाही एक मार्ग. पळणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ बाजूने धक्का देऊन तिला गरकन फिरवायची युक्ती अमेरिकेत बरीच वापरतात. कमी वेगात ती ठीक आहे, म्हणूनच अनेक दलांनी तिला वेगाची मर्यादा घातली आहे. जास्त वेगात मात्र तिचा परिणाम जीवघेणा होऊ शकतो.

ब्रिटनने भर दिला तो प्रशिक्षणावर. तिथे पाठलागाचं खास शिक्षण घेतलेल्या चालकांनाच ते काम दिलं जातं. सुरुवातीचा टप्पा वेगळा आणि आखणी करून गाडी रोखण्याचा टप्पा वेगळा, आणि दोन्हींवर नियंत्रण कक्षाची नजर. २०२२ मध्ये तिथला कायदाही बदलला. आधी पोलिसाचं वाहन चालवणं सामान्य सावध चालकाच्या मापाने मोजलं जायचं, आता तेच शिक्षण घेतलेल्या पोलीस चालकाच्या मापाने मोजतात. मला हे न्याय्य वाटतं. ज्याला आपण वेगाने जायला शिकवलं, त्याला वेगाने गेल्याबद्दलच दोषी धरायचं नाही. पण शिकवलेलं धाब्यावर बसवून गेला, तर सूटही नाही.

शेवटी एका दुर्लक्षित गोष्टीबद्दल. पाठलाग सोडून द्यायचा कसा, हेही शिकवावं लागतं. नुसता वेग कमी करून मागे रेंगाळणारी पोलीस गाडी पळणाऱ्याला आरशात दिसत राहते, आणि तो तेवढ्याच वेगाने पळत राहतो. म्हणून अनेक नियमावल्यांत लिहिलेलं असतं की दिवे बंद करा, सायरन बंद करा, गाडी बाजूला घ्या किंवा वळवून दुसऱ्या रस्त्याने जा, आणि वायरलेसवर तसं कळवा. त्यानंतर ठाण्यात अहवाल लिहायचा. का सुरू केला, किती वेगाने, कोणत्या रस्त्यांवरून, कुठे आणि का सोडला. वरिष्ठांनी तो खरोखर वाचायचा. वेळेवर सोडलेल्या पाठलागाचा अहवाल लिहिणाऱ्याला सहकाऱ्यांमध्ये मान खाली घालावी लागत असेल, तर पुढच्या वेळी तो सोडणार नाही, नियमात काहीही लिहिलेलं असो. म्हणून ज्या दलात पकडून आणणाऱ्याचं कौतुक होतं, त्या दलात गर्दी बघून मागे फिरलेल्याचीही सेवापुस्तकात चांगली नोंद व्हायला हवी.